मयताचे उघडे डोळे

भादवा लागला की आमच्या ओसरीवर फोटो येऊन पडतात. पितरांच्या पंधरवड्याआधी जो तो आपलं माणूस भिंतीवरून उतरवतो, फडक्यात गुंडाळतो आणि युसूफ वडगावच्या बाजारातल्या आमच्या घरच्याच स्टुडिओत आणून देतो. कुणाची काच तडकलेली, कुणाच्या मागच्या पुठ्ठ्याला वाळवी लागलेली, कुणाच्या तोंडावर चुलीच्या धुराची साय बसलेली. ते पुसायचं, काच नवी घालायची आणि तिथीच्या आत परत द्यायचं. पूर्वी हे काम मामंजी करत. त्यांचा हात कापायला लागल्यापासून मनकर्णाताई करतात.

मनकर्णाताई माझ्या नणंद, आमच्या ह्यांच्या पाठच्या. त्यांच्याबद्दल गावात दोन गोष्टी सांगतात. एक, त्या नवऱ्याला सोडून आल्या. दोन, त्यांनी छबुबाईच्या मेलेल्या नवऱ्याचे डोळे काढले. पहिली गोष्ट खोटी आहे. नवऱ्यानेच दिवाळीला आणून सोडलं आणि तो परत न्यायला आला नाही. दुसरी खरी आहे.

दिवाळीला आल्या तेव्हा त्या संक्रांतीपर्यंत ओसरीवर बसून होत्या. रडल्या नाहीत. जेवायला हाक मारली की जेवायच्या, नाही मारली तर तशाच बसायच्या. मी गडाच्या नारायणाला नवस बोलले. मग एक दिवस त्या उठल्या, मामंजींच्या अंधाऱ्या खोलीत गेल्या आणि सुकलेले ब्रश रंग सुटायला टर्पेनमध्ये भिजत घातले. त्या दिवसापासून कामाला लागल्या. लग्नाआधी त्यांचं औरंगाबादला चित्रकलेचं शिक्षण झालेलं होतं. पुढं केजला एका विनाअनुदानित कला वर्गावर शिकवायला जायला लागल्या. पगार कधी व्हायचा, कधी नाही. तिथूनच विद्यापीठात नाव घातलं आणि प्रबंध लिहायला घेतला.

विद्यापीठातल्या त्यांच्या बाईंनी त्यांना विरचना शिकवली. तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला एखाद्या औषधाचं नाव वाटलं. मी ज्वारी निवडत होते आणि ताई समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होत्या. दूध सोसायटीचं कॅलेंडर, मधे लक्ष्मी आणि खाली कोपऱ्यात चेअरमन.

"वहिनी, ह्या चित्रात मोठं कोण हाय?"

मी म्हणाले, लक्ष्मी.

"मग तुमची नजर आधी कुठं जाती, खरं सांगा."

मी पाहिलं. नजर चेअरमनच्या गुलाबी फेट्यावर जात होती. लक्ष्मी फिकट छापली होती, कारण तिच्या अंगावरून सोसायटीचं नाव वाचता आलं पाहिजे. ताई म्हणाल्या, हे असंच असतं. चित्र मधे एक ठेवतं आणि कडेला दुसरं सारतं, आणि उभं असतं ते कडेच्या जिवावर. ते बाहेरून फोडायचं नसतं. त्याचाच एखादा सुटा धागा सापडला की तो धरून उसवत जायचं. वरून जोडलेली वस्तू तर हमखास धरायची, कारण जोड दिली म्हणजे तिथं काहीतरी कमी होतं.

मला ते पटलं आणि पटलंही नाही. मी म्हणाले, आपल्या वेशीतल्या देवाला आपण चांदीचे डोळे चिकटवतो. जोडच ती. म्हणून काय देव बघत नाही? ताई हसल्या. फार दिवसांनी हसल्या होत्या. म्हणाल्या, "ते तुमी लिहा, वहिनी. माझ्या बाईंना आवडंल."

प्रबंधासाठी काय घ्यायचं, तर घरातलंच घेतलं. मामंजींनी आयुष्यभर मयताचे फोटो केले. त्या काळी खेड्यापाड्यातल्या माणसाचा जिवंतपणी फोटो निघत नसे. माणूस गेला की तिरडी बांधायच्या आत मामंजींना बोलावणं यायचं. मयताला भिंतीला टेकवून बसवत, मागे कुणीतरी चादर धरत आणि फोटो निघे. मग स्टुडिओत तो मोठा करून मामंजी त्याच्यावर ऑइलचे रंग चढवत. उघड्या अंगावर काळा कोट घालत आणि मिटलेले डोळे उघडत. वर्षश्राद्धाला घरची माणसं फोटो न्यायला येत आणि म्हणत, सुंदरराव, बोलंल आसं वाटतंय बघा.

सगळ्यांच्या अंगावर एकच कोट आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मामंजी स्वतःच त्यावर थट्टा करत. म्हणत, मेल्यावर तरी गावाला गणवेश मिळाला. पण डोळ्यांचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ताईंनी भिंग लावून पाहिलं. प्रत्येक मयताच्या बुबुळात एक पांढरा ठिपका होता आणि त्या ठिपक्यात बारीक गज होते. आमच्या स्टुडिओच्या खिडकीचे. जे कधी ह्या खोलीत आले नाहीत त्यांच्या डोळ्यांत ही खिडकी कशी, म्हणून ताईंनी मामंजींना, त्यांच्या आप्पांना, विचारलं.

मामंजी तंबाखू मळत होते. कापत्या हाताने निम्मी खाली सांडत होती. म्हणाले, "मयताचे डोळे कसे होते ते मी कुठं बगितलं होतं? आरसा समोर ठिवायचा आन काढायचे."

"म्हणजे समदे तुमचे डोळे?"

"मग दुसऱ्याचे कुठून आणू?"

ताई त्या दिवशी जेवल्या नाहीत, कारण लिहायचं थांबेना. प्रबंधाचं कोडं आता सुटलं म्हणाल्या.

त्याच वर्षी आमच्या सेवा सोसायटीला पन्नास वर्षं होत होती. पाऊस सलग दुसऱ्या साली दगा देऊन गेला होता, ऊस वाळून गेला होता, कारखान्याची चिमणी गार होती. तरी सुवर्णमहोत्सव करायचा असं चेअरमन अर्जुनरावांनी ठरवलं. आमचे हे, बद्रीनाथ, सोसायटीचे गटसचिव. खताचं गोदाम रिकामंच पडलं होतं. ह्यांनी सुचवलं की गावातल्या जुन्या सभासदांचे फोटो गोदामात मांडू, मनकर्णा मांडेल. अर्जुनरावांना ते स्वस्तातलं वाटलं.

ताईंनी घरोघर जाऊन फोटो मागितले. बायका देईनात. पितरं अशी गोदामात कुणी टांगतं का, म्हणाल्या. दिला तो छबुबाईनं.

छबुबाई आमच्या मागच्या गल्लीत एकटी राहते. नवरा निवृत्ती रोजगार हमीच्या कामावर खडी फोडताना छातीत कळ येऊन गेला. तेही दुष्काळाचंच वर्ष होतं, मी ह्या घरात यायच्या आधीचं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिला फोटोपुढं उभी बघत आले. सकाळी उठून काचेला गंध लावायचं, चहाचा पहिला कप पुढं ठेवायचा, बाहेर जाताना पदर डोक्यावर घेऊन सांगून जायचं. टँकर आलाय, जाऊन येते. शेळीला पाला आणते. बायका तिची चेष्टा करत. म्हणत, छबुबाईचा मेलेला नवरा आमच्या जित्यापेक्षा बरा, सांगितलेलं ऐकून तरी घेतो. मी मात्र तिला मनातून मानत होते. इतकी निष्ठा माझ्याच्याने झाली नसती.

छबुबाईनं फोटो देताना म्हटलं, चांगला पुस आन टांग, लोकांना बघू दे. ताईंनी तो घरी आणला, काच काढली आणि टर्पेनचा बोळा फिरवून कोट उतरवला. मग डोळे उतरवले. मी चहा द्यायला गेले तेव्हा खाली दुसराच माणूस होता. उघडा, हाडं निघालेला, खांद्यावर मागच्या चादरीची सावली, पापण्या मिटलेल्या, नाकात कापूस. मी विचारलं, हे छबुबाईला चालेल का. ताई म्हणाल्या, "इतकी वर्षं ती आमच्या आप्पाला गंध लावतीया, वहिनी. तिचा माणूस तर खाली झाकून ठिवलेला. तिला तिचा बघायला मिळंल."

हे त्यांनी मनापासून म्हटलं. तिला आनंदच होईल असं त्यांना वाटत होतं. मी चहा ठेवला आणि आले.

गोदामात फोटो टांगला. बाकीच्या घरांनी भिंतीवरूनच काढू दिलेले नुसते फोटोचे फोटो होते, निवृत्तीचा मात्र असा उघडा. बाजूच्या कागदावर ताईंनी लिहिलं होतं की हा कोट आणि हे डोळे त्याचे नव्हते. माणसं आली, भाषणं झाली. पोहे खाऊन झाल्यावर अर्जुनराव फोटोपुढं थांबले आणि म्हणाले, ह्याला जरा झाका, जेवणावरची वासना जाती. तेवढ्यात छबुबाई आली. धुवट लुगडं नेसून आली होती. बायकांना घेऊन आली होती, माझा माणूस दाखवते म्हणून.

ती पुढं झाली. बराच वेळ बघत राहिली. वाचता येत नव्हतं, त्यामुळं कागदाकडं तिनं बघितलं नाही. मग बरोबरच्या बायनाबाईला म्हणाली, ह्यो मेलाय की. जणू तिला आत्ताच कळलं. तिनं डोक्यावरचा पदर काढून क्षणभर फोटोवर धरला, मयतावर टाकतात तसा, आणि डोकं उघडं तसंच ठेवून घरी गेली.

कुणी भांडलं नाही. बायका ताईंकडं बघून न बघितल्यासारखं करत बाहेर पडल्या. ह्यांनी गोदामाला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी मी आणि ताई छबुबाईकडं गेलो. भिंतीवर खिळा होता आणि त्याभोवती भिंतीचा रंग उजळ होता. ती शेळीपुढं बसली होती. आम्हाला बसा म्हणाली नाही. ताईंनी सांगायला सुरुवात केली की खालचा होता तोच खरा फोटो, वरचे डोळे आप्पांचे होते. छबुबाईनं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली की पंधरवड्यातल्या अष्टमीला त्याची तिथी आहे, अष्टमीला त्या खिळ्यावर माणूस पाहिजे, डोळे उघडे असलेला. ते काय आन कसं ते तू बघ.

परतताना ताई म्हणाल्या, बरोबर आहे तिचं. मी घेतलेलं मी द्यायला पाहिजे. पण आता त्यांना आप्पांचे डोळे काढायचे नव्हते. द्यायचे तर निवृत्तीचेच. आणि ते सापडले. सोसायटीच्या ऑफिसात गोदामाच्या उद्घाटनाचा एक जुना सामुदायिक फोटो होता. मधे कुणी मंत्री, बाजूला फेटेवाले, आणि अगदी कडेला, चौकटीनं खांदा कापलेला, हातात सतरंजीची गुंडाळी धरलेला निवृत्ती. तोंड पूर्ण आलं होतं. सरळ कॅमेऱ्याकडं बघत होता. ताई तो फोटो घेऊन केजला फ्लेक्सच्या दुकानात गेल्या, संगणकावर तेवढं तोंड मोठं केलं, डाग काढले आणि चांगल्या कागदावर छापून आणलं. कोट नाही, उसना रंग नाही. मला दाखवताना त्यांचा आवाज जरा वर गेला होता. म्हणाल्या, कडेचा माणूस मधे आला बघा, वहिनी.

माणूस देखणा होता. भुवया जाड, नजर धारदार. मी म्हणाले, बरा दिसतो.

आम्ही फोटो घेऊन गेलो तेव्हा छबुबाई पाणी गाळत होती. टँकरचं पाणी, वर हिरवट तवंग. ताईंनी फोटो तिच्यापुढं धरला. छबुबाईच्या हातातला तांब्या पडला नाही, काही झालं नाही. ती नुसती उठून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पदर आपोआप पुढं ओढला गेला. एक हात तोंडापुढं आला होता, आडवा, कोपर वर. तिच्या ते लक्षात नव्हतं.

मग तिनं हात खाली घेतला.

"पालथा कर त्येला," ती म्हणाली.

ताईंनी फोटो पालथा केला.

"ह्ये डोळे मला नगत."

"पर हे त्यांचे हायेत, छबुमावशी. खरे."

"त्येचेच हायेत. म्हनून तर नगत." ती पुन्हा पाणी गाळायला बसली. फडक्याची घडी बदलून घेतली. "तुज्या बाचे डोळे दिल्यापासनं त्येनं माज्यावर कदी हात उचलला न्हाई. इतकी वर्सं ऱ्हायले मी त्येच्यासंगं. चांगला व्हता. त्यो दे मला."

टँकर उद्या येणार का परवा, असं काहीतरी छबुबाईनं मला विचारलं आणि मी उत्तर दिलं.

घरी येऊन ताईंनी मामंजींना सगळं सांगितलं. मामंजी म्हणाले, आसंल. मग म्हणाले, गल्लीला ठाऊक व्हतं, पर त्येला लई वर्सं झाली. ताईंनी जुनाच फोटो, टर्पेननं पुसलेला, त्यांच्यापुढं ठेवला आणि ब्रश हातात दिला. त्यांनी प्रयत्न केला. ब्रश पापणीवर टेकला आणि घसरून गालावर गेला. ताईंनी बोळ्यानं पुसलं. पुन्हा टेकला, पुन्हा गेला. मामंजींनी ब्रश खाली ठेवला आणि हात मांडीखाली दाबून बसले.

ताई नंतर दोन दिवस त्या फोटोपुढं बसून होत्या. दिवाळीला आल्या होत्या तशाच. प्रबंधाचे कागद कोपऱ्यात होते. मला भीती वाटली आणि मी बरणी घासायच्या निमित्तानं तिथंच बसून राहिले. मग त्या म्हणाल्या, "मी खोटं उसवलं म्हणत होते, वहिनी. त्या खोट्यात ती राहत होती, त्याचं काय करायचं ते माझ्या पुस्तकात न्हाई."

मी म्हणाले, कोट तर घाला आधी.

त्यांनी कोट घातला. काळा, रुंद कॉलरचा, आपल्या वडिलांचा हात आठवून. माझ्या डोळ्यांना तो हुबेहूब वाटला, त्यांना नाही. मग आरसा आणून समोर टेकवला. डोळे काढायला त्यांना फार वेळ लागला. त्या आरशात बघत, मग फोटोत, मग आरशात. एकदा वाटलं रडतील, पण तसं काही झालं नाही. मी जाऊन भाकरी टाकल्या.

सप्तमीला छबुबाई स्वतःच फोटो न्यायला आली. आत येईना, उंबऱ्याबाहेर उभी राहिली. ताईंनी काच बसवलेला फोटो आणून तिच्या हातात दिला. छबुबाईनं तो आधी लांब धरला, मग जवळ घेतला. मी तिच्या हाताकडं बघत होते. तो वर आला नाही.

"ह्ये सुंदररावाचे न्हाईत," ती म्हणाली.

"न्हाईत. आप्पाचा हात चालंना."

"तुजे हायेत."

"हां."

छबुबाईनं ताईंच्या तोंडाकडं बघितलं, मग फोटोकडं. "बाईवानी बगतोय," म्हणाली. मामंजी आतून खोकले.

"नको असलं तर ठिवा," ताई म्हणाल्या. "पुन्हा करते."

"कावून? ऱ्हाऊ दे." तिनं फोटो फडक्यात गुंडाळला. "बाईनं बगितलं तर काय व्हतंय."

ती गेल्यावर ताईंनी आरसा उचलून न्हाणीत टांगला. ओसरीवरून पुढचा फोटो घेतला, कुणाच्या तरी सासऱ्याचा, आणि काचेवरचा धूर पुसायला बसल्या. मी विचारलं, प्रबंधाचं काय. म्हणाल्या, तो भाग काढला. पुन्हा लिहीन, किंवा नाही लिहिणार. मी विचारलं, मग कसं वाटतंय. म्हणाल्या, काही नाही वाटत.

अष्टमीला छबुबाईनं आम्हा दोघींना जेवायला बोलावलं. पाण्याची ओढ, तरी तिनं कढी केली होती, वडे तळले होते. पान आधी फोटोपुढं ठेवलं, गंध लावलं, पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. मग आमची पानं वाढली आणि स्वतःचं ताट घेऊन फोटोकडं पाठ करून बसली. पदर खांद्यावर पडला होता, तो तिनं सावरला नाही. ताईंना म्हणाली, वडा अजून घे, तुला आवडतोय.

ताईंनी घेतला.